भांडणानंतरची दहा मिनिटं: प्राणिसंग्रहालयात चिंपांझींचं निरीक्षण कसं करावं

चिंपांझींच्या आवारासमोर गर्दी जमते ती आरडाओरडा सुरू झाला की. एखादा नर अंगावरचे केस फुलवून धावत सुटतो, लोखंडी दार दणादण वाजवतो, माद्या पिल्लांना पोटाशी घेऊन वर चढतात, लोक मोबाइल काढतात. मिनिटभरात सगळं शांत होतं आणि लोक पुढे निघतात. निरीक्षकाचं काम नेमकं तिथून सुरू होतं. दंगा कोणालाही दिसतो. त्यानंतर कोण कोणाजवळ जाऊन बसलं, कोणी हात पुढे केला, कोणी पाठ फिरवली, आणि एरवी दिवसभर कोण कोणाच्या हाताच्या अंतरावर असतं, यातून टोळीची वीण कळते. आपली नजर मात्र आपोआप आवाजाकडे ओढली जाते. खाली दिलेल्या बहुतेक पद्धती या एका खोडीवरचे उपाय आहेत.

बंदिस्त प्राण्यांकडून खरं काही शिकता येतं का, अशी शंका नवख्यांना येते. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या बर्गर्स झूमध्ये १९७१ साली अँटोन आणि यान फान हूफ या भावांनी खंदकाने वेढलेल्या मोकळ्या जागेत चिंपांझींची मोठी टोळी ठेवली. नर, माद्या, पिल्लं सगळी एकत्र. १९७५ पासून प्राणिवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल तिथे निरीक्षणं करू लागले. भांडणानंतर चिंपांझी एकमेकांना टाळत नाहीत, उलट थोड्याच वेळात जवळ येतात, हे त्यांनी आंगेलीन फान रोसमालेन यांच्यासह १९७९ मध्ये मांडलं. भांडलेले दोघे एकमेकांचं चुंबन घेतात, आणि तिसरा कोणी मार खाल्लेल्याला मिठीत घेतो, हा फरकही त्यांच्या नोंदींतून दिसला. खंदकाच्या अलीकडे बसून, कागद, घड्याळ आणि दुर्बीण घेऊन हे काम झालं.

कुठे पाहाल

चिंपांझी हा आफ्रिकेतला प्राणी. भारतात तो मोजक्याच प्राणिसंग्रहालयांत आहे: म्हैसूर, चेन्नईजवळचं वंडलूर, कोलकात्याचं अलीपूर ही त्यांतली ओळखीची. महाराष्ट्रातून जायला म्हैसूर सोयीचं. प्राण्यांची संख्या बदलत राहते, म्हणून निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: सध्या किती चिंपांझी आहेत, आणि किती एकत्र सोडले जातात? एकटा ठेवलेला चिंपांझी पाहून सामाजिक वर्तन कळणार नाही. दोघे असले तर ग्रूमिंग (एकमेकांचे केस चाळून त्वचा साफ करणं) पाहता येईल, पण तिसऱ्याची मध्यस्थी, युती, सांत्वन यांसाठी निदान चार-पाच जण, आणि त्यांत प्रौढ नर, माद्या आणि लहान पिल्लू असं मिश्रण हवं. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांची चैन आहे. एडिंबरो, चेस्टर, लाइपझिग, शिकागोचं लिंकन पार्क, सिडनीचं टरोंगा, सगळीकडे टोळ्या आहेत आणि वार्षिक पास काढला की रोज जाता येतं.

सराव मात्र घराजवळ करा. माथेरान-महाबळेश्वरची माकडं किंवा वेरूळची वानरं यांच्यावर ओळख पटवणं, घड्याळ लावून नोंद घेणं, अंतराचा अंदाज हे सगळं शिकता येतं. इशाऱ्यांचे अर्थ तेवढे तिथून उचलून इथे लावू नका. माकड आणि चिंपांझी यांच्या चेहऱ्यांची भाषा वेगळी आहे.

सोबत काय घ्यायचं

पुठ्ठ्याच्या कव्हरची वही किंवा क्लिपबोर्ड आणि छापलेले तक्ते. दोन पेन्सिली, कारण पावसात शाई पसरते. कंप देणारा टायमर: मोबाइलचा चालेल, आवाज बंद ठेवून. ८×४२ ची दुर्बीण पुरते. १० पट किंवा त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो आणि शेजारी कोण आलं ते चौकटीबाहेर राहतं. फिक्या, मळखाऊ रंगाचे कपडे, टोपी, पाणी, घडीचं स्टूल. आवारापुढे काच असेल तर एक काळं कापड घ्या. डोक्यावरून पुढे धरलं की प्रतिबिंब जातं.

खाद्यपदार्थ हातात नकोत. भारतात प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खाऊ घालणं, चिडवणं, गोंगाट करून त्रास देणं याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार बंदी आहे. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नका. आपल्या श्वसनाचे आजार चिंपांझींना होतात आणि ते त्यांच्या जिवावर बेतू शकतात. फ्लॅश बंद. डोळ्यांत रोखून पाहायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही. एखादा नर तुमच्याकडे तोंड करून केस फुलवायला लागला तर दोन पावलं मागे सरका आणि नजर बाजूला करा. स्वीडनमधल्या फुरुविक झूतला सांतिनो नावाचा नर लोक यायच्या आधीच दगड गोळा करून ढीग लावून ठेवायचा आणि नंतर फेकायचा. त्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दगड नसले तर शेण आणि थुंकी असतेच.

प्रेक्षकांच्या जागेतून पाहायला वेगळी परवानगी लागत नाही. ट्रायपॉड, ठरावीक जागा अडवून तासन् तास बसणं किंवा नोंदी प्रसिद्ध करणं यांसाठी संचालकांकडे लेखी अर्ज करा. प्राणिरक्षकाशी ओळख करून घ्या. आठवड्यात तुम्हाला जे कळणार नाही ते त्यांना वर्षांनुवर्षं माहीत असतं. त्यांना विचारायचे प्रश्न आधी लिहून न्या: प्रत्येकाचं वय, कोण कोणाची आई, जेवणाच्या वेळा, बाहेर कधी सोडतात आणि आत कधी घेतात, कोणत्या माद्यांना गर्भनिरोधक दिलं आहे, अलीकडे कोणी मेलं, जन्मलं किंवा नव्याने आलं का? यातल्या एका उत्तराने महिनाभराच्या नोंदींचा अर्थ बदलतो.

पहिली पायरी: चेहरे

पहिल्या दोन-तीन भेटींत वर्तनाची एकही नोंद घेऊ नका. फक्त कोण कोण आहे ते शिका. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, कारण "एका मादीने दुसरीला ग्रूम केलं" या वाक्याचा उपयोग काहीच नाही.

प्रत्येकासाठी एक कार्ड करा. कानांचा आकार आणि त्यांवरच्या फाटक्या कडा, चेहऱ्याचा रंग (फिका, ठिपकेदार, काळाभोर), कपाळावरचं टक्कल, हनुवटीवरचे पांढरे केस, तुटलेलं बोट, चालण्याची ढब, बसण्याची आवडती जागा. लहान पिल्लांच्या पार्श्वभागावर पांढऱ्या केसांचा झुबका असतो, तो वयाबरोबर जातो. प्रौढ मादीच्या पार्श्वभागावरची गुलाबी सूज ही ओळखीची खूण म्हणून कधीही लिहू नका. ती सुमारे पाच आठवड्यांच्या चक्रात वाढते आणि उतरते. आज जिच्या सुजेवरून ओळखलंत ती पुढच्या आठवड्यात सपाट दिसेल आणि दुसरीच सुजलेली असेल. सुजेची नोंद वेगळ्या रकान्यात रोज ठेवा (० नाही, १ अर्धवट, २ पूर्ण), कारण त्या दिवसांत नर त्या मादीभोवती घुटमळतात, एकमेकांशी ताणून वागतात, आणि कारण माहीत नसेल तर तुम्हाला वाटेल की टोळीचं काहीतरी बिनसलं आहे.

प्रत्येकाला एक-दोन अक्षरी खूण द्या. मग स्वतःची परीक्षा घ्या: प्राणिरक्षकाला शेजारी उभं करून, पाठमोरे, झोपलेले, वर चढलेले असे वीस वेळा ओळखा. वीसपैकी वीस जमेपर्यंत पुढे जाऊ नका. चेहऱ्यावरून ओळखणं दोन दिवसांत जमतं. पाठीवरून ओळखायला वेळ लागतो, आणि ग्रूमिंग करणाऱ्यांची पाठच जास्त दिसते.

दुसरी पायरी: वर्तनसूची

आता पंधरा-वीस वर्तनांची यादी करा आणि प्रत्येकापुढे शरीर काय करतं ते लिहा. "रागावला", "माफी मागितली", "लाडात आला" हे शब्द सूचीत नकोत. तिथे असं हवं: केस उभे, खांदे वर, दोन पायांवर डुलत उभा. अर्थ नंतर लावता येतो. पाहिलेलं नीट लिहिलं नसेल तर पुन्हा पाहायला मिळत नाही.

सगळ्यात जास्त फसवणारे दोन चेहरे आधी पक्के करा. खेळताना चिंपांझीचं तोंड सैल उघडं असतं, खालचे दात दिसतात, वरचे बहुधा ओठाखाली झाकलेले, आणि श्वासाचा धापा टाकल्यासारखा आवाज येतो. भीतीचा किंवा ताणाचा चेहरा वेगळा: दोन्ही ओठ मागे ओढलेले, वरचे-खालचे दात दिसतात, अनेकदा जबडा मिटलेला. प्रेक्षक दुसऱ्या चेहऱ्याला "हसतोय बघ" म्हणतात आणि फोटो काढतात. तो घाबरलेला असतो.

दोन आवाजांचंही तसंच. पँट-ग्रंट म्हणजे धापेसह भराभर येणारे घशातले हुंकार. खालच्या दर्जाचा चिंपांझी वरच्या दर्जाच्याकडे जाताना ते काढतो. बरोबर अंग चोरतो, मान खाली-वर करतो, कधी हात पुढे करतो. पँट-हूट लांब पल्ल्याची हाक आहे: हळू "हू हू" ने सुरू होते, चढत जाते, किंचाळीपर्यंत पोचते आणि उतरते. ती कोणा एकाला उद्देशून असतेच असं नाही. टोळीतला दर्जा ठरवायला पँट-ग्रंट सोन्यासारखा, कारण तो जवळजवळ नेहमी एकाच दिशेने जातो. क ने र ला केला तर र सहसा क ला करत नाही. महिनाभरात ती दिशा बंद पडली किंवा उलटली तर मोठी घडामोड चालू आहे असं समजा.

सर्वात थोराड दिसतो तोच नायक, असं गृहीत धरू नका. केस फुलवले की कोणीही मोठा दिसतो. आर्नहेममध्ये १९७६ साली येरून या जुन्या नायकाला लाउटने खाली खेचलं, आणि पुढच्या वर्षी तरुण निक्की नायक झाला तो येरूनच्या पाठिंब्यावर. एकट्याच्या ताकदीचा तो हिशेब नव्हता. तो तणाव कुठवर गेला तेही नोंदलेलं आहे: १९८० मध्ये रात्रीच्या पिंजऱ्यात त्या दोघांशी झालेल्या झटापटीत लाउट इतका जखमी झाला की वाचला नाही. म्हणून "कोण कोणाच्या बाजूने उतरला" हा रकाना सूचीत हवाच. भांडण दोघांत सुरू होतं, तिसरा येतो. तो कोणाच्या अंगावर जातो ते टिपा.

आणि ग्रूमिंग. याकडे लोक फार लवकर पाहणं थांबवतात. दुर्बिणीतून दहा मिनिटं एकाच जोडीकडे पाहा. एका हाताच्या बोटांनी केस मागे सारून धरलेले असतात, दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी त्वचेवर काहीतरी खरवडते, खालचा ओठ पुढे आलेला, आणि अगदी जवळ असाल तर ओठांचा बारीक चट-चट आवाज ऐकू येतो. ज्याचं ग्रूमिंग चालू आहे तो अंग ढिलं सोडतो, मध्येच दंड उचलून काख पुढे करतो, मान वळवतो. अचानक करणारा थांबतो आणि स्वतःचा हात खाजवतो. जाड, लांब ओरखड्यांसारखं खाजवणं हे ताणाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी दुर्बीण खाली घ्या आणि जवळून कोण चाललं आहे ते पाहा. नोंदीत चार गोष्टी हव्यात: देणारा, घेणारा, सुरुवात, शेवट. दोघं एकाच वेळी करत असतील तर "परस्पर". ३० सेकंदांपर्यंतची विश्रांती असेल तर तेच सत्र धरा, त्याहून जास्त असेल तर नवं. हा नियम पहिल्या दिवशी ठरवा आणि मध्येच बदलू नका, नाहीतर जानेवारीचे आकडे फेब्रुवारीशी जुळणार नाहीत.

सूचीत अस्वाभाविक वर्तनाचीही जागा ठेवा: खाल्लेलं तोंडात आणून पुन्हा खाणं, स्वतःचे किंवा दुसऱ्याचे केस उपटणं, एका जागी डुलत राहणं, विष्ठा खाणं. सहा प्राणिसंग्रहालयांतल्या, टोळीत राहणाऱ्या ४० चिंपांझींच्या अभ्यासात (२०११) प्रत्येकात असं काही ना काही आढळलं होतं. त्यामुळे ते दिसलं म्हणून लगेच व्यवस्थापनाला दोष देऊ नका, आणि पाहायला वाईट वाटतं म्हणून नोंदीतून गाळूही नका.

तिसरी पायरी: घड्याळाला बांधून घ्या

दिसेल ते लिहीत बसणं ही नवख्यांची पद्धत. पहिल्या आठवड्यात ती चालते, त्यानंतर ती तुम्हाला फसवते: वही भांडणांनी आणि पिल्लांच्या उड्यांनी भरते, आणि तीन तास कोपऱ्यात शांत बसलेली म्हातारी मादी वहीत कुठेच नसते. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींची मांडणी केली, आणि जगभरचे निरीक्षक आजही तीच वापरतात. तिच्यातल्या तीन पुरेत.

एक, ठरावीक अंतराने सगळ्यांची हजेरी. दर १० मिनिटांनी टायमर वाजला की आवाराच्या डाव्या टोकापासून उजवीकडे नजर फिरवा. प्रत्येकजण त्या क्षणी काय करतो आहे आणि त्याच्या हाताच्या अंतरावर कोण आहे, एवढंच लिहा. नजर पडली त्या क्षणाचं लिहायचं. "आत्ताच तर तो खेळत होता" हे नाही. न दिसणाऱ्यापुढे "दि.ना." (दिसत नाही) लिहा, रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना पाहून नंतर कळत नाही की तो आत होता की तुम्ही विसरलात.

दोन, एकावर लक्ष. १० मिनिटं फक्त एकाच चिंपांझीकडे पाहायचं, तो जे करेल आणि त्याच्याशी जे केलं जाईल ते वेळेसह लिहायचं. क्रम आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरवा. पलीकडे केवढाही दंगा झाला तरी नजर हलवायची नाही. नवख्याला सर्वात जड जातो तो हा नियम, आणि शांत प्राणी वहीत येतात ते याच नियमामुळे. तो १० पैकी ३ मिनिटांहून जास्त वेळ दिसेनासा झाला तर ते सत्र रद्द करून नंतर पुन्हा घ्या.

तीन, ठरावीक घटना कोणाकडूनही घडली तरी टिपणं: पँट-ग्रंट, हल्ला, केस फुलवून केलेलं प्रदर्शन. त्या आवाजी असल्यामुळे एकावर लक्ष ठेवतानाही कानांनी पकडता येतात. फक्त कोण कोणाला हे पाहायला तेवढीच एक झटपट नजर टाकावी लागते. तेवढी सवलत आहे.

आठ जणांच्या टोळीसाठी हिशेब असा: प्रत्येकी १० मिनिटं म्हणजे ८० मिनिटं, मधल्या हजेऱ्या आणि श्वास घ्यायला वेळ धरून दोन तास. दहा भेटींत प्रत्येकाची १०० मिनिटं जमतात. भेटींच्या वेळा वाटून घ्या. सगळ्या भेटी सकाळी जेवणाच्या वेळी झाल्या तर तुमच्या वहीतले चिंपांझी फक्त अन्नावरून भांडतील. रविवारच्या गर्दीचे आणि मंगळवार-बुधवारच्या शांततेचे दिवस दोन्ही हवेत (म्हैसूरला मंगळवारी सुट्टी असते, लक्षात ठेवा).

प्रत्येक पानावर हवामान, प्रेक्षकांची अंदाजे संख्या आणि टोळी आत आहे की बाहेर हे लिहाच. आर्नहेमला हिवाळ्यात टोळी बंद दालनात असायची, आणि ते बाहेरच्या जागेच्या मानाने फारच लहान होतं. तिथे भांडणं वाढली, पण जागा घटली त्या प्रमाणात मुळीच नाही. त्याबरोबर ग्रूमिंग आणि नम्र अभिवादनंही वाढली. जागेचा रकाना नसता तर हे कधीच दिसलं नसतं.

चौथी पायरी: भांडणानंतर

जंगलात चिंपांझींची टोळी लहान गटांत फुटते आणि पुन्हा मिळते. पटलं नाही तर दिवसभर दुसरीकडे राहता येतं. खंदकाच्या आत ती सोय नाही. म्हणूनच समेट पाहायला प्राणिसंग्रहालय उत्तम जागा आहे.

हल्ला किंवा पाठलाग झाला की शेवटचा फटका किंवा शेवटची किंचाळी ही वेळ लिहा. तिथून १० मिनिटं भांडलेल्यांपैकी एकाच्या मागे राहा, शक्यतो मार खाल्लेल्याच्या. या काळात त्याचा कोणाशीही झालेला पहिला मित्रत्वाचा स्पर्श टिपा: किती वाजता, कोण चालत आलं, काय केलं. दोन मिनिटांच्या आत भांडण पुन्हा पेटलं तर घड्याळ शून्यावर आणून पुन्हा सुरू करा. नमुन्यादाखल एक नोंद अशी असेल:

१०:४२:१५ रा → मि, पाठलाग, पाठीवर हाताने फटका. मि किंचाळते, दात उघडे.
१०:४२:५० थांबलं. मि लाकडी माचावर, रा खाली, ६ मी.
१०:४४:३० सो (मि ची मुलगी) येते, मि ला मागून मिठी, ४० से.
१०:४७:१० मि खाली उतरते, रा कडे हात पुढे, तळवा वर. पँट-ग्रंट.
१०:४७:२० रा मि च्या तोंडाला तोंड लावतो.
१०:४८:०० रा → मि ग्रूमिंग, खांदा.

इथे सो आणि मि यांच्यातलं सांत्वन म्हणून मोजलं जाईल, रा आणि मि यांच्यातला समेट म्हणून. पण लगेच नाही. मि आणि रा तसेही रोज शेजारी बसत असतील तर? लहान आवारात कोणीही कोणाच्याही जवळ दहा मिनिटांत येऊ शकतं. त्यासाठी तुलनेची नोंद लागते: पुढच्या भेटीत, त्याच वेळी, भांडण झालेलं नसताना, त्याच मि ची १० मिनिटं घ्या आणि रा शी पहिला स्पर्श कधी होतो ते पाहा. भांडणानंतर तो चौथ्या-पाचव्या मिनिटाला झाला आणि साध्या दिवशी झालाच नाही, तर या दोन नोंदींची जोडी "ओढलेली" धरा. उलट झालं तर "विखुरलेली", दोन्हीकडे सारखं असेल तर "तटस्थ". अशा वीस-तीस जोड्या जमल्या की बोलता येतं. तुलनेच्या नोंदी कंटाळवाण्या असल्यामुळे लोक त्या टाळतात, आणि मग त्यांना दिसलेला प्रत्येक शेजार समेट वाटू लागतो.

समेट न झालेल्या भांडणांनाही तेवढंच मोल आहे. कोणत्या जोडीत तो कधीच होत नाही हे शोधा. ज्यांची एकमेकांना गरज असते ती नाती लवकर जुळवून घेतली जातात. ज्यांचं एकमेकांवाचून काही अडत नाही त्यांना घाई नसते. तुमच्या टोळीत हे खरं आहे का ते तुमच्या ग्रूमिंगच्या तक्त्याशी ताडून पाहता येईल.

पाचवी पायरी: दोघांची नजर, एक आकडा

शक्य असेल तर जोडीने जा. एकाच चिंपांझीवर दोघांनी १० मिनिटं, न बोलता, एकमेकांच्या वहीत न पाहता नोंद घ्या आणि नंतर ओळ ओळ जुळवा. शंभरातल्या ८५ ओळीही जुळत नसतील तर सूचीतली व्याख्या ढिली आहे. बहुतेक वेळा घोळ दोनच ठिकाणी निघतो: खेळ की भांडण, आणि "हाताचं अंतर" म्हणजे किती. पहिल्यासाठी चेहरा आणि आवाज पाहा. लहान पिल्लांचा पाठलाग किंचाळीशिवाय आणि सैल तोंडाने चालला असेल तर खेळ. दुसऱ्यासाठी आवारातली एखादी ठरलेली वस्तू, एखादा ओंडका किंवा माचाची फळी, किती लांब आहे ते रक्षकाला विचारून घ्या आणि तिच्यावरून अंदाज बांधा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी नोंदी स्प्रेडशीटमध्ये उतरवा. स्वतःचं अक्षर आणि खुणा चार दिवसांनी स्वतःलाच लागत नाहीत. पुढे टॅबवर नोंद घ्यायची असेल तर लिंकन पार्क झूने बनवलेलं झूमॉनिटर आहे, व्हिडिओवरून काम करायचं असेल तर बोरिस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. सुरुवात कागदावरच करा. ॲपमध्ये बटण शोधताना मान खाली जाते आणि नेमकं तेवढ्यातच काही घडून जातं.

हिशेब साधाच आहे. कोणत्याही दोघांसाठी: ज्या हजेऱ्यांत दोघं दिसले त्यांपैकी कितींत ते हाताच्या अंतरावर होते? दोघं ६० वेळा दिसले आणि १८ वेळा जवळ होते, तर ०.३०. सगळ्या जोड्यांचे आकडे चौकटीच्या तक्त्यात भरा. शेजारी दोन तक्ते आणखी: ग्रूमिंगची मिनिटं (ओळीत देणारा, स्तंभात घेणारा) आणि पँट-ग्रंट. तिन्ही तक्ते एकत्र पाहिले की विसंगती डोळ्यांत भरतात. एखादी मादी कोणाजवळच फारशी बसत नाही, पण सगळे तिला पँट-ग्रंट करतात. एखादा नर खूप ग्रूमिंग देतो आणि त्याला कोणीच देत नाही. तिथे पुढचा महिना घालवा.

एक सावधगिरी: एकाच मायलेकीच्या जोडीत ४० वेळा ग्रूमिंग दिसलं तर ते चिंपांझींबद्दलचे ४० पुरावे नाहीत, एका जोडीबद्दलचे आहेत. "चिंपांझी असं करतात" हे वाक्य लिहिण्याआधी किती वेगवेगळ्या जणांत ते दिसलं ते मोजा.

दर महिन्याला एक पान तयार करून रक्षकाला द्या: कोणाचे शेजार बदलले, कोणाला नवी जखम आहे आणि कुठे, कोण एकटं पडायला लागलं आहे, केस उपटणं कोणत्या वेळी जास्त दिसतं. आलेख नकोत, नावं आणि वेळा हव्यात. आत घेताना कोणाला कोणाबरोबर ठेवायचं हे रोज संध्याकाळी त्यांनाच ठरवावं लागतं.